पदवी नको, वाचायला जागा द्या : विद्यापीठांना एक खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू आणि ज्ञानस्रोत केंद्रांचे संचालक,
मा. सचिव, उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

यंदा एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने बाह्य वाचकांचं सभासदत्व बंद केलं. सूचना फलकावर चार ओळींचं पत्रक लागलं. ग्रंथालयाचा लाभ यापुढे नोंदणीकृत विद्यार्थी, अध्यापक आणि मान्यताप्राप्त मार्गदर्शकाकडे नोंदणी झालेले संशोधक यांनाच मिळेल. इतरांनी अनामत रक्कम परत घेऊन जावी. त्या 'इतरां'मध्ये मी आहे. संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या खिडकीवरच्या माणसांनी आम्हाला आजवर आपलेपणानेच वागवलंय, आणि असे नियम बऱ्याच ठिकाणी आहेत. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि जाहीर.

मी नाशिकला राहते. सातपूरच्या एका कारखान्यात लेखा विभागात नोकरी करते. माहेर बागलाणातलं, मोसम खोऱ्यातलं. माझे आजोबा फडाचे पाटकरी होते.

ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर शेतकऱ्यांनी बंधारे घालून पाट काढले. ही पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे साधारण चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचं, उसाचा फड दर वर्षी बदलायचा. नदीला पाणी किती आहे ते बघून यंदा किती फड भिजवायचे हे लाभधारकांनी बसून ठरवायचं. प्रत्येकाची जमीन शक्यतो सगळ्या फडांत विभागलेली, म्हणजे एखादा फड कोरडा ठेवायची वेळ आली तर झळ एकट्यादुकट्याला न लागता सगळ्यांना लागायची. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला बहुतेक धान्यात.

पाणीवाटपावर बोलणारे लोक या पद्धतीचा समन्यायी म्हणून गौरव करतात. मला तो गौरव तपासून बघायचाय. टंचाईच्या साली नेमकं कोणाचं पाणी तुटलं? इनामी जमिनीला आणि पाटलाच्या वाट्याला तेव्हाही पाणी मिळत होतं का? ज्यांचा तुकडा एकाच फडात होता त्यांचं काय झालं? १८९९-१९०० च्या दुष्काळातले नियम १९७२ च्या दुष्काळापर्यंत टिकले का, आणि टिकले नसतील तर कोणी मोडले? हे प्रश्न नुसत्या हौसेचे नाहीत. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसाठी कायदा केला. आमच्याच जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी अशा संस्था चालवून दाखवल्या. त्याच जिल्ह्यातल्या जुन्या संस्था पाणी कमी पडल्यावर कशा वागल्या, याचं उत्तर आजच्या संस्थांनाही हवंय.

एका घरातून मिळालेली पाटकऱ्याची वही मी सध्या वाचतेय. लाल फडक्यात बांधलेली, कडांना वाळवी लागलेली, मोडीत लिहिलेली. डावीकडे खातेदाराचं नाव, मध्ये फड, उजवीकडे भिजलेल्या वाफ्यांचा आकडा. काही नावांपुढे मात्र आकडा नाही. एक उभी रेघ ओढून जागा कोरी सोडलीय. ही रेघ म्हणजे पाणी नाकारलं, की त्याने आपणहून पाळी सोडली, की पट्टी थकली म्हणून नाव बाजूला काढलं? माझ्या एका अख्ख्या प्रकरणाचा निष्कर्ष या रेघेवर अवलंबून आहे. तिचा अर्थ अंदाजाने लावणं मला मान्य नाही. त्याच सालांची जमाबंदीची कागदपत्रं आणि १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यानंतर झालेल्या पाण्याच्या हक्कांच्या नोंदी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय ती सुटणार नाही. ते कागद घरात नसतात, दप्तरखान्यांत आणि ग्रंथालयांत असतात. तिथेच आता माझ्यासाठी दार बंद आहे.

"मग रीतसर पीएच.डी. करून टाका ना," असं भेटेल तो सुचवतो. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून उत्तर नीट देते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात. मी नोकरी करत बहिःस्थ एम.ए. केलं, तेव्हा ५२ पडले. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण मालकाचं ना-हरकत पत्र हवं आणि किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. कारखान्यात मार्चअखेर आली की रविवारसुद्धा आपला राहत नाही, हे नोकरदारांना वेगळं सांगायला नको. शिवाय मार्गदर्शक मिळायला हवा. प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. त्यात माझा विषय तीन विभागांच्या मधल्या जागेत पडतो. इतिहासवाले म्हणाले हे सिंचनाचं आहे, अर्थशास्त्रवाले म्हणाले हे इतिहासाचं आहे, अभियांत्रिकीत विचारलं तर त्यांना विसर्गाचे आकडे हवे होते, जे त्या काळात कोणी मोजलेच नाहीत.

या अटींविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. पदवी विद्यापीठाची आहे, तिच्या अटी विद्यापीठाने ठरवाव्यात, आणि त्या कडक असाव्यात. पण पदवी देण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे म्हणून लोकांच्या पैशातून जमलेलं वाचनसाहित्य आणि लोकांचेच जुने कागद बघू देण्याचा अधिकारही पदवीशीच बांधावा, हे मला पटत नाही. माझ्या सगळ्या तक्रारी या एका गाठीतून निघतात.

ग्रंथालयाचं वर सांगितलंच. आम्हाला पुस्तकं घरी न्यायची नव्हती. वाचनकक्षात बसायला खुर्ची आणि जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांपर्यंत पोचायची परवानगी, एवढंच ते सभासदत्व होतं. त्याचं शुल्क आम्ही भरत होतो.

दुसरी तक्रार जुन्या कागदपत्रांची. एका संग्रहात मी अर्ज केला. सोबत ओळखपत्र, संशोधनाचा आराखडा आणि एका मासिकात छापून आलेला माझा लेख जोडला. अर्जात एक रकाना होता, 'मार्गदर्शकाचे नाव व शिक्का'. तो कोरा असल्यामुळे अर्ज अपूर्ण ठरला. आराखडा कोणी वाचला नाही. वाचून नाकारला असता तर मी सुधारून पुन्हा दिला असता. राज्यात ठिकठिकाणी मोडीचे वर्ग भरतात, सरकारही भरवतं, आणि निवृत्त माणसं, गृहिणी, वकील, कॉलेजातली मुलं उत्साहाने मोडी शिकतात. शिकल्यावर त्यांनी काय वाचायचं? मोडी कागदांचे ढीग न वाचता पडून आहेत आणि वाचणारे हात कमी आहेत, हे तुमच्याच व्यासपीठांवरून नेहमी सांगितलं जातं. मग वाचायला आलेल्या माणसाला शिक्क्यावाचून परत का पाठवता? माहिती अधिकारात अर्ज करा, असंही मला सुचवलं गेलं. २००५ चा तो कायदा फार मोलाचा आहे. पण कुठल्या रुमालात काय बांधलंय हेच माहीत नसताना अमुक कागद द्या असं मागायचं कसं? दप्तरात शोधावं लागतं, चाळावं लागतं, नको असलेलं वाचावं लागतं, तेव्हा कुठे हवं ते हाती येतं.

तिसरी तक्रार पैशांची आहे आणि ती दिल्लीपर्यंत जाते, तरी ती पुढे नेण्याचं काम तुमचं आहे. शोधनियतकालिकांची वर्गणी सरकारने एकत्र भरायची आणि ती सरकारी संस्थांना वाचायला खुली करायची, अशा 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० शोधनियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्था, १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक. योजना मोठी आहे आणि चांगलीही आहे. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला जे कधी बघायलाही मिळालं नसतं ते तिच्यामुळे मिळू लागलं, याचा मला आनंद आहे. पण ही कल्पना जेव्हा विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोन्मेष धोरणाच्या मसुद्यात पहिल्यांदा मांडली गेली, तेव्हा ती भारतातल्या प्रत्येक व्यक्तीसाठी मांडली होती. प्रत्यक्षात आली तेव्हा व्यक्ती गळाली आणि संस्था उरल्या. सार्वजनिक वाचनालयांनाही त्यात जागा नाही. माझ्या विषयावरचा एखादा लेख उघडायला गेलं की पहिला परिच्छेद दिसतो आणि त्याखाली तीस-चाळीस डॉलरची किंमत. लेख वाचल्याशिवाय तो कामाचा आहे की नाही हे कळत नाही, आणि दर वेळी एवढे पैसे घालणं माझ्या पगारात बसत नाही. मग ओळखीच्या कुणा प्राध्यापकाला फोन करायचा, "सर, हा एक लेख काढून द्याल का?" ते देतात, पण सारखं सारखं मागायला संकोच वाटतो, आणि ज्याची अशी ओळख नाही त्याचं काम तिथेच थांबतं. नियमात बसतं का, ही धाकधूक वेगळीच.

याच्या नेमकं उलट उदाहरण तुमच्याचकडे आहे. 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध सगळ्यांना खुले आहेत. तिथे नोंदणी विचारत नाहीत, शिक्का मागत नाहीत. प्रश्न कसा मांडायचा, आधीच्या अभ्यासाचा आढावा कसा घ्यायचा, साधनांची छाननी कशी लिहायची हे मी रात्री जेवणं आटोपल्यावर ते प्रबंध वाचून शिकले. काही प्रबंध फार चांगले आहेत, काही नाहीत, आणि दोन्हींतून शिकता आलं. प्रबंध असे खुले केल्याने विद्यापीठांचं काही बिघडलं नाही.

चौथी तक्रार मला सगळ्यांत जास्त टोचते. बाहेर काम करणाऱ्याला 'हे चुकलंय' असं सांगणारं कोणी नसतं. तुमच्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक असतो, सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते, शेवटी बाहेरचे परीक्षक प्रबंध वाचतात आणि जाहीर मौखिक परीक्षा होते. या चाचणीतून जाणं म्हणजेच संशोधन असं मी मानते; पदवी ही त्याची नंतरची पावती. आम्हाला कौतुक मिळतं. गावाकडे सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, 'ताईंनी आपल्या फडाचं नाव मोठं केलं' असं भाषणात सांगितलं जातं. पण त्या उभ्या रेघेचा मी लावलेला अर्थ का टिकणार नाही, हे तासभर बसून माझ्याशी कोणी भांडत नाही. एका चर्चासत्रासाठी निबंध पाठवला, तर 'संस्थेचे नाव' हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढेच जाईना. 'स्वतंत्र संशोधक' लिहिलं, निबंध न वाचता परत आला. इतिहासाच्या नावावर काहीही लिहिणारे लोक बाहेर पुष्कळ आहेत, हे मला माहीत आहे आणि तुमच्या सावधपणामागे तेच कारण असणार हेही कळतं. मला त्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही. म्हणूनच मी परीक्षा मागतेय. चाचणीचा रस्ताच बंद केला तर काळजीपूर्वक काम करणारा आणि मनाला येईल ते लिहिणारा यांच्यातला फरक लोकांना कोण दाखवणार?

अनुदान, प्रवासखर्च, साहित्यचोरी तपासायची संगणकीय सोय यांबद्दलही बोलता येईल. आत्ता नको. आधी दार.

ज्यांच्यामुळे महाराष्ट्रात संशोधनाला मान मिळाला त्यांच्यातले किती जण तुमच्या आजच्या अर्जात बसले असते? वि. का. राजवाडे बी.ए. होते. गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून त्यांनी कागद जमवले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड छापले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. आमच्या शेजारच्या धुळ्यात त्यांचा शेवट झाला आणि तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींकडे हार्वर्डची पदवी होती, डॉक्टरेट नव्हती. गणितातल्या माणसाने हजारो जुनी नाणी तोलून त्यांच्या झिजेवरून इतिहास मांडला. वा. सी. बेंद्र्यांनी शिवाजी महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं. यांच्या कामावर तुमच्याकडे प्रबंध होतात, आणि ते व्हायलाच हवेत. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, पण आज त्यांच्यासारखं कोणी तुमच्या खिडकीवर आलं तर 'मार्गदर्शकाचे नाव' विचारून परत जाईल, याचा विचार तुम्ही करावा.

नाशिकच्या माणसाला ही गोष्ट जास्त लागते. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीचं. इथेच १९८९ साली मुक्त विद्यापीठ आलं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. बारावीचा दाखला नसलेल्यांनाही पूर्वतयारीच्या वाटेने पदवीपर्यंत जाता आलं, आणि माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका त्या वाटेने पदवीधर झाल्या. शिक्षणासाठी जी मोकळीक आपण एवढ्या विचारपूर्वक दिली, ती संशोधनाच्या उंबऱ्यावर का संपावी?

माझ्या मागण्या सांगते.

प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाह्य वाचकाचं सभासदत्व पुन्हा सुरू करा. शुल्क घ्या, अनामत घ्या, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना आधी जागा द्या, पण दार नियमाने उघडं ठेवा. ग्रंथपालाच्या मर्जीवर नको.

कागदपत्रांच्या संग्रहांत प्रवेशासाठी मार्गदर्शकाच्या शिक्क्याला पर्याय द्या. ओळखपत्र, दोन पानी आराखडा आणि तो वाचून महिन्याभरात लेखी होकार किंवा कारणासह नकार. नाजूक कागद हाताळायचं प्रशिक्षण सक्तीचं करा, आम्ही ते घेऊ. देखरेखीखाली बसवा, तेही चालेल.

'एक राष्ट्र, एक वर्गणी'च्या पुढच्या टप्प्यात जिल्ह्याजिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांचा समावेश व्हावा, असा ठराव राज्याने आणि विद्यापीठांनी केंद्राकडे पाठवावा. एका वाचनालयात दोन संगणक ठेवले तरी एका शहराची गरज भागायला सुरुवात होईल. तोवर तुमच्या ग्रंथालयात येऊन वाचणाऱ्याला तिथल्या तिथे ती नियतकालिकं बघू देता येतील का, हे योजनेच्या अटी तपासून जाहीर करा.

आणि मूल्यमापनाची एक खिडकी उघडा. प्रत्येक विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार विभाग असतोच. त्याच्यामार्फत वर्षातून एकदा बाहेरच्या संशोधकांकडून काम मागवा, नाव झाकून दोन तज्ज्ञांना वाचायला द्या, जे टिकेल ते जाहीर सत्रात मांडू द्या आणि जे टिकणार नाही त्याची कारणं लिहून परत करा. जपानमध्ये विद्यापीठात नोंदणी न करता प्रबंध सादर करून डॉक्टरेट मिळवायची वाट फार वर्षांपासून आहे. मी तेवढंही मागत नाही. मला परीक्षकाचा कागद हवाय, प्रमाणपत्र नको.

घाई का, तेही सांगते. मोसम खोऱ्यात वर हरणबारीचं धरण झालं, विहिरी वाढल्या, कांदा-डाळिंब आलं, आणि बहुतेक फड नावापुरते राहिले. ज्यांनी स्वतः पाळ्या लावल्या ते पाटकरी आता ऐंशीच्या पुढे आहेत. कागदात काय आहे हे आधी बघितलं तरच त्यांना काय विचारायचं हे कळतं. कागद वीस वर्षांनीही तिथेच असतील, ही माणसं नसतील.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची माहितीपत्रकं निघायच्या आत ग्रंथालयाच्या सभासदत्वाचा निर्णय व्हावा, आणि जो काही होईल तो लेखी आणि जाहीर कळवावा. माझ्याकडच्या वहीची छायाचित्रं आणि देवनागरी लिप्यंतर, वहीच्या मालकांच्या परवानगीने, मी कोणत्याही विभागाला विनामूल्य द्यायला तयार आहे. ते तपासून माझ्या वाचनातल्या चुका दाखवायला कोणी तयार असेल तर मी सांगाल त्या दिवशी रजा टाकून येईन.

कळावे,
आपली,
एक स्वतंत्र संशोधक, नाशिक